नवशिक्या छायाचित्रकारास भिंगाची भेट

दिवाळी जवळ आली की सुरतेच्या कापडबाजारात आणि हिऱ्यांच्या कारखान्यांत बोनसाचा विषय निघतो. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून येऊन स्थिरावलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. भाऊबीजेच्या ओवाळणीत काय घालावे, हा प्रश्न त्यांच्या घरांतही दरवर्षी पडतो. पूर्वी साडी किंवा चांदीची एखादी वस्तू दिली की भावाचे कर्तव्य संपत असे. आता बहिणी शिकतात, निरनिराळे छंद जोपासतात. अशाच एखाद्या बहिणीने वर्षभर पैसे साठवून साधा कॅमेरा घेतला आहे आणि हिऱ्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या तिच्या भावाच्या मनात यंदा तिला त्या कॅमेऱ्यासाठी एक भिंग द्यावे असे आले आहे, असे समजू. विचार उत्तम आहे. मात्र साडी कोणासही नेसता येते, तसे भिंग कोणत्याही कॅमेऱ्यास बसत नाही. चुकीचे भिंग घेतले तर बोनसाचे पैसे कपाटात पडून राहतात. शिवाय बहीण भावाचे मन राखण्यासाठी 'छान आहे' असे म्हणते आणि दोघेही त्या विषयावर पुन्हा बोलत नाहीत. म्हणून अशी भेट देण्यापूर्वी थोडी माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

नवशिक्यास साधन भेट देण्याची परंपरा या प्रांतात जुनी आहे. सुरतेत जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर हे बडोद्याच्या कलाभवनाचे प्राचार्य असताना, १८९० नंतरच्या काळात, त्र्यंबकेश्वरचा एक तरुण तेथे शिकत होता. पुढे 'दादासाहेब' या नावाने साऱ्या भारतास परिचित झालेले धुंडिराज गोविंद फाळके ते हेच. अहमदाबादच्या १८९२ सालच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी नाट्यगृहाची एक आदर्श प्रतिकृती मांडली व तिला सुवर्णपदक मिळाले. त्या कामावर खूष होऊन एका चाहत्याने त्यांना एक किमती कॅमेरा भेट दिला, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. छायाचित्रणाचे शिक्षण, प्रयोगास लागणारी साधने आणि पाठीवर हात ठेवणारा गुरू या तिन्ही गोष्टी फाळक्यांना कलाभवनात लाभल्या होत्या. म्हणून तो कॅमेरा शोभेची वस्तू होऊन राहिला नाही. भेट सार्थकी लागावयाची असेल तर ती घेणाऱ्याच्या चालू कामात बसली पाहिजे, हाच या हकिकतीचा बोध.

आता प्रत्यक्ष भिंगाकडे वळू. भिंगाच्या कडेवर पुष्कळ आकडे कोरलेले असतात. त्यांतील दोन महत्त्वाचे असून पहिला आहे नाभीय अंतराचा. सुरतेतील रत्नकलाकारास ही कल्पना समजावून सांगण्याची गरज नाही, कारण ती त्याच्या बोटांत रुळलेली असते. हिऱ्याचे पैलू तपासताना तो जो आयग्लास डोळ्याशी धरतो तो बहुधा वस्तू दहापट मोठी दाखविणारा असतो. स्पष्ट दिसण्यासाठी हिरा त्या भिंगापासून जवळजवळ एक इंचावर आणावा लागतो, हे त्यास सवयीने ठाऊक असते. हे एक इंच, म्हणजे सुमारे २५ मिलिमीटर, हेच त्या आयग्लासाचे नाभीय अंतर होय. दूरच्या वस्तूपासून येणारे किरण भिंगातून गेल्यावर जेवढ्या अंतरावर एकत्र येतात, तेवढे ते अंतर. कॅमेऱ्याच्या भिंगावर '१८', '३५', '५०', '३००' असे मिलिमीटरचे आकडे असतात ते याच अंतराचे. आकडा लहान असेल तर दृश्याचा मोठा विस्तार चित्रात मावतो. मोठा असेल तर दूरचा लहानसा भाग जवळ ओढल्यासारखा दिसतो. याच कडेवर एखाद्या वर्तुळावर तिरपी रेघ मारलेल्या चिन्हापुढे '५८' किंवा '६७' असाही आकडा असतो. तो भिंगाच्या तोंडाशी बसविण्याच्या काचेचा, म्हणजे फिल्टरचा, व्यास होय. नवखा गिऱ्हाईक हे दोन आकडे एकच समजून फसण्याचा संभव असतो.

नाभीय अंतराचा आकडा एकटा मात्र पुरेसा नाही. त्याच्यामागे चित्र ग्रहण करणारा पट किती मोठा आहे, यावर सारे अवलंबून असते. जर्मनीत १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद अशी चौकट रूढ केली आणि तिच्याबरोबर ५० मिलिमीटरचे भिंग दिले. तेव्हापासून '५०' हे सर्वसाधारण भिंग मानले जाऊ लागले, कारण त्याने घेतलेले चित्र डोळ्यास ना फार पसरलेले ना फार जवळ ओढलेले वाटते. परंतु नवशिक्यांच्या बहुतेक कॅमेऱ्यांतील संवेदक पट त्या चौकटीपेक्षा लहान, साधारण दीडपट कमी लांबी-रुंदीचा असतो. अशा कॅमेऱ्यावर ५० चे भिंग हे ७५ ते ८० च्या भिंगासारखे वागते आणि सर्वसाधारण भिंगाचे काम ३५ च्या आसपासचे भिंग करते.

याचा अर्थ घरातल्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. उधन्यातील एखाद्या चाळीतील दहा फूट लांबीच्या खोलीत भिंतीस पाठ लावून उभे राहिले तर समोरची माणसे जेमतेम आठ फुटांवर येतात. लहान पटाच्या कॅमेऱ्यावर ५० चे भिंग असेल तर त्या अंतरावर सुमारे पावणेचार फूट रुंदीचा भाग चित्रात मावतो, म्हणजे आई आणि वडील दोघेच. ३५ च्या भिंगात ती रुंदी साडेपाच फुटांच्या जवळ जाते, म्हणजे दोन्ही मुलेही मावतात. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या १८ ते ५५ च्या भिंगाचे १८ हे टोक वापरले तर तीच रुंदी दहा फुटांवर पोहोचते. 'पहिले भिंग ५० चेच घ्या' असा सल्ला सर्वत्र ऐकू येतो. तो मोठ्या पटाच्या कॅमेऱ्यास आणि मोठ्या दिवाणखान्यास लागू आहे. लहान पट व लहान खोली असेल तर ३५ च्या आसपासचेच भिंग अधिक उपयोगी पडते.

दुसरा महत्त्वाचा आकडा छिद्राचा. तो 'एफ' या अक्षराबरोबर लिहितात. नाभीय अंतरास भिंगाच्या छिद्राच्या व्यासाने भागले की हा आकडा येतो. म्हणून आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे व प्रकाश अधिक. १८ ते ५५ चे नेहमीचे भिंग ५० च्या सुमारास फिरविले की त्याचा आकडा बहुधा ५.६ असतो, म्हणजे छिद्राचा व्यास सुमारे ९ मिलिमीटर. ५० मिलिमीटरच्या, १.८ आकड्याच्या भिंगाचे छिद्र सुमारे २८ मिलिमीटरचे असते. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर त्यातून साडेनऊ पटींहून अधिक प्रकाश आत येतो. गणेशोत्सवात संध्याकाळच्या आरतीला घरातले दिवे मंद असतात, तबकातील निरांजन हलत असते, लहान मुले टाळ्या वाजवीत असतात. अशा वेळी नेहमीच्या भिंगास एक दशांश सेकंद उघडे राहावे लागले तर टाळ्यांचे हात आणि निरांजनाची ज्योत फरफटून जातात. मोठ्या छिद्राच्या भिंगास तेच काम शंभराव्या भागात करता येते आणि मुलाचा चेहरा स्थिर उमटतो.

छायाचित्रणाच्या आरंभापासून ही प्रकाशाची अडचण आहे. दागेर या फ्रेंच गृहस्थाची कृती १८३९ साली जाहीर झाली तेव्हा माणसाचे चित्र घ्यावयाचे तर त्यास उन्हात कित्येक मिनिटे पुतळ्यासारखे बसावे लागे. दुसऱ्याच वर्षी व्हिएन्ना येथील योझेफ पेट्सव्हाल या गणितज्ञाने हिशेब मांडून ३.६ आकड्याचे भिंग सिद्ध केले आणि मिनिटांचे काम सेकंदांवर आले. माणसांची चित्रे काढण्याचा धंदा जगभर फोफावला, त्याला या भिंगाचा मोठा हातभार लागला. मुंबईत १८५४ साली छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली व तिच्या कामात डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे मराठी गृहस्थ पुढे आले, तोपर्यंत ही प्रगती झालेली होती. मोठ्या छिद्राचा एक तोटाही मात्र सांगितला पाहिजे. छिद्र पूर्ण उघडले की स्पष्टतेचा थर पातळ होतो. जवळून घेतलेल्या चेहऱ्यात डोळा रेखीव आणि कान धूसर, असे होते. हे दोष की गुण हे वापरणाऱ्याच्या हातावर ठरते. शिकणाऱ्यास ते शिकावे लागते.

भेट देणाऱ्याने सर्वांत आधी पाहावयाची गोष्ट याहून साधी आहे. भिंग त्या कॅमेऱ्यास बसते का? प्रत्येक कंपनीची खाच निराळी असते, आणि एकाच कंपनीच्या जुन्या व नव्या खाचाही निराळ्या असतात. कॅननची 'ईएफ' ही खाच १९८७ सालची, तर आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांची 'आरएफ' खाच २०१८ सालची. निकॉनची 'एफ' खाच १९५९ पासूनची आणि 'झेड' ही २०१८ ची. जुने भिंग जोडकड्याच्या साहाय्याने नव्या कॅमेऱ्यावर बसते, पण नवे भिंग जुन्या कॅमेऱ्यावर चालत नाही. त्याचे कारण अंतराचे आहे. जुन्या कॅमेऱ्यांत आरशासाठी जागा ठेवावी लागे, म्हणून कॅननच्या ईएफ खाचेपासून पटापर्यंत ४४ मिलिमीटर अंतर असते. आरएफमध्ये ते २० आहे. उरलेली जागा कड्याने भरून काढता येते, परंतु नसलेली जागा निर्माण करता येत नाही. शिवाय निकॉनच्या काही साध्या कॅमेऱ्यांत भिंग आपोआप केंद्रित करणारी मोटर नसते. त्यांना 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' असे लिहिलेले, स्वतःची मोटर असलेले भिंग लागते. जुने भिंग स्वस्त मिळाले म्हणून घेतले तर प्रत्येक चित्रासाठी कडे हाताने फिरवीत बसावे लागते. यास्तव भावाने दुकानात जाण्यापूर्वी कॅमेऱ्याच्या अंगावरील नाव व क्रमांक आणि सध्याच्या भिंगावरील सारी अक्षरे कागदावर उतरवून घ्यावीत. हा कागद दुकानदाराच्या शिफारशीपेक्षा भरवशाचा असतो.

खाच जुळली तरी बहिणीस नेमके कशाचे भिंग हवे, हा प्रश्न उरतोच. तिला न विचारता त्याचे उत्तर शोधण्याची एक युक्ती आजच्या कॅमेऱ्यांनी उपलब्ध करून दिली आहे. प्रत्येक चित्राबरोबर कॅमेरा एक नोंद ठेवतो: कोणत्या नाभीय अंतरावर, किती छिद्राने, सेकंदाच्या कितव्या भागात ते चित्र घेतले. घरातल्या संगणकावर बहिणीची शे-दोनशे चित्रे असतील तर त्यांच्या नोंदी चाळाव्यात. बहुतेक चित्रे ५५ या टोकाला घेतलेली दिसली तर तिला दूरची वस्तू जवळ आणावयाची आहे, पण भिंग अपुरे पडते आहे. बहुतेक १८ वर असतील तर तिला जागा पुरत नाही. चित्रे मधल्या अंतरांवर आहेत, परंतु घरातील व संध्याकाळची सारी चित्रे दहाव्या-पंधराव्या भागात घेतलेली व हललेली आहेत असे आढळले, तर तिची अडचण प्रकाशाची आहे. नोंदीवरून काहीच कल दिसत नसेल, तर तो कल अजून ठरलेला नाही असे समजून थांबणे इष्ट.

सुरत शहरात या प्रत्येक गरजेस क्षेत्र आहे. कतारगाम दरवाज्याजवळील इंग्रजांच्या व डचांच्या कबरस्तानांतील सतराव्या शतकातील घुमटदार समाध्या, रांदेरच्या अरुंद गल्ल्या, चौकातील जुना किल्ला यांसाठी १८ हून लहान आकड्याचे रुंद भिंग उपयोगी. संक्रांतीच्या उत्तरायणात गच्चीवरून पतंग टिपावयाचे किंवा गवियरच्या तलावावरील पक्षी, तर २५० किंवा ३०० पर्यंत जाणारे लांब भिंग हवे. पतंगांच्या दिवशी आकाशाकडे भिंग रोखताना मात्र आरशाच्या कॅमेऱ्याच्या खिडकीतून सूर्याकडे कधीही पाहू नये, कारण लांब भिंगातून एकवटलेले ऊन डोळ्यास कायमची इजा करू शकते. जरीचा धागा, पानावरील किडा, आईच्या नथीतील मोती यांची ओढ असेल तर अगदी जवळून चित्र घेणारे, वस्तू तिच्या मूळ आकारात पटावर उमटविणारे मॅक्रो भिंग घ्यावे. घर, माणसे, सण, बाजार हा विषय असेल तर पूर्वी सांगितलेले ३५ च्या आसपासचे मोठ्या छिद्राचे भिंगच सर्वांत उपयोगी, शिवाय ते इतरांच्या मानाने स्वस्त व हलके असते.

दुकानात गेल्यावर एक मोह आवरावा लागतो. १८ पासून ३०० पर्यंत सर्व काही करणारे एकच मोठे भिंग विक्रेता पुढे ठेवतो. प्रवासात ते सोयीचे खरे. परंतु त्याचे छिद्र लहान असल्याने आरतीची अडचण तशीच राहते, आणि शिकणारा जागेवर उभा राहून नुसते कडे फिरविण्यास शिकतो. एका स्थिर अंतराच्या भिंगाने त्यास पाय हलवावे लागतात, दोन पावले पुढे-मागे व्हावे लागते, आणि पाहणे त्यातूनच सुधारते. सुरतेच्या शेजारच्या नवसारीस १९१३ साली जन्मलेल्या होमाई व्यारावाला यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतले व भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून नाव मिळविले. २०११ साली त्यांना पद्मविभूषण देण्यात आले. त्या वापरीत असलेल्या कॅमेऱ्यांत रोलीफ्लेक्सही होता, आणि त्या कॅमेऱ्याचे भिंग बदलताच येत नाही. १९४८ साली गांधीजींच्या अंत्ययात्रेची चित्रे घेणारे फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनीही आपले बहुतेक काम ५० च्या एकाच भिंगावर केले. साधन थोडे असल्याने त्यांचे काही अडले नाही.

पैशाच्या मर्यादेमुळे जुने भिंग घ्यावयाचे झाल्यास संकोच नको. मात्र रत्नकलाकाराने हिरा पाहावा तसे ते पाहावे. भिंग उजेडासमोर धरून दोन्ही बाजूंनी आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी होय. असे भिंग कितीही स्वस्त असले तरी नाकारावे. पुढच्या काचेवरील बारीकसा ओरखडा चित्रावर फारसा परिणाम करीत नाही, परंतु मागच्या काचेवरचा ओरखडा अधिक बाधतो. छिद्राच्या पात्यांवर तेल नसावे व कडे अडखळू नये. आपल्याच कॅमेऱ्यावर बसवून चार चित्रे घेऊन पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नवे घेतले तर छापील बिल व कंपनीचे हमीपत्र दोन्ही मागून घ्यावीत.

सुरतेची हवा समुद्र व तापी यांमुळे दमट असते आणि पावसाळ्यात बुरशीस अनुकूल होते. भिंग चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात महिनोन्‌महिने ठेवणे हा ते बिघडविण्याचा हमखास मार्ग होय. घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषून घेणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ते ठेवावे, पुड्या वरचेवर बदलाव्यात, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते वापरीत राहावे. असा डबा भिंगाबरोबरच भेट दिला तर देणाऱ्याचा विचार त्यात दिसतो. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. अशा पुरात भिजलेले छायाचित्रांचे अल्बम पुन्हा पूर्ववत होत नाहीत. म्हणून चित्रांची दुसरी प्रत अन्य ठिकाणी ठेवण्याची सवय हीही नवशिक्यास लावावयाची गोष्ट आहे.

कधी कधी या साऱ्या विचाराअंती भिंग न घेणे हेच शहाणपणाचे ठरते. हात हलल्याने चित्रे बिघडत असतील आणि विषय स्थिर असतील तर एक बळकट तिपाई भिंगाच्या अंशमात्र किमतीत काम करते. कॅमेऱ्याची ओळखच अपुरी असेल तर एखाद्या चांगल्या वर्गाची फी भरणे हीही ओवाळणीच होय. आणि भिंगच द्यावयाचे पण मन ठरत नसेल, तर गुपित थोडे बाजूस ठेवावे. ओवाळणीच्या तबकात पैशांचे पाकीट ठेवून दुसऱ्या दिवशी बहिणीस दुकानात घेऊन जावे, तिचाच कॅमेरा तिच्या हातात देऊन दोन-तीन भिंगे लावून पाहू द्यावी. भेटीतील आश्चर्य थोडे कमी होते, पण तिच्या डोळ्यास जे पटते तेच घरी येते.

दिवसभर आयग्लास डोळ्याशी धरून दुसऱ्याच्या दागिन्यासाठी पैलू पाडणाऱ्या भावाने वर्षातून एकदा बहिणीसाठी काच पारखावी, यात एक औचित्य आहे. हिऱ्यात उजेड कोठून शिरतो आणि कोठून बाहेर पडतो हे त्यास कोणी शिकविण्याची गरज नाही. तीच नजर त्याने भिंगाकडे वळवावी. मग पुढच्या भाऊबीजेस निरांजनाच्या उजेडात जे चित्र उमटेल, त्यात ओवाळणारे हात स्थिर असतील आणि पाटावर बसलेल्या भावाचा चेहराही ओळखू येईल.